वरच्या डाव्या कोपऱ्यातला डाग

नोएडा
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

आधी दुरुस्ती. गेल्या पत्रात मी लिहिलं होतं, की तुझ्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर एक डाग आहे, तो पुसते आणि सोमवारी कॅमेरा पाठवते. डाग लेन्सवर नाही. तो आत, सेन्सरवर आहे. त्यामुळे सोमवारही चुकला.

हे कसं कळलं ते लिहिते, नाहीतर तुला वाटेल मी अंदाजाने बोलतेय. बाल्कनीतून आकाशाचा फोटो काढला. या तपासणीला एकसारखं, काहीही नसलेलं दृश्य लागतं, आणि सध्याचं नोएडाचं आकाश त्यासाठी फारच सोयीचं आहे. निळ्या रंगाचा कुठे अडथळाच नाही. फोटोत वरच्या डाव्या कोपऱ्यात तिळाएवढा काळा डाग आला. मग तुझी दुसरी, छोटी लेन्स लावली. डाग तिथेच. लेन्स बदलूनही डाग जागचा हलत नसेल, तर डाग आत आहे. बिचाऱ्या लेन्सला मी उगाच नावं ठेवली.

तू कपाळाला हात लावला असशील. पण तू पुण्याला आत्याकडे राहून रीतसर शाळेत शिकलास. मी बाबांकडे शिकले. ज्या ज्या ठाण्यावर ते नदीच्या पाण्याची पातळी मोजायचे, तिथे जवळपास शाळा नव्हती आणि घरात गोष्टीची पुस्तकंही नव्हती, म्हणून मी कुकरच्या माहितीपुस्तिकेवरून वाचायला शिकले. ‘कमळ’ लिहिण्याआधी मला ‘सावधान’ लिहिता यायचं. शिवाय बाबांचा नियम होता, की कालच्या नोंदीत चूक सापडली तर आजच्या नोंदीच्या डोक्यावर ती लिहायची. चूक आधी, मजकूर नंतर. चौथीपर्यंत असं शिकलेल्या माणसाला पुढे सरळ पत्र लिहिता येत नाही.

तर मजकूर. मी कॅमेरा कपाटातून काढला तेव्हा बाबा पेपर वाचत होते. म्हणजे पेपर समोर धरून बसले होते.

“कोणाचा आहे तो?” त्यांनी विचारलं. घरात कॅमेरा एकच आहे.

“दादाचा. त्याला हवाय. तिकडे हिमबिबट्यांची थंडीतली मोजणी सुरू होतेय, आणि या वेळी एक अख्खी दरी त्याच्या एकट्याकडे दिली आहे.”

“मग पाठव की.”

“सेन्सरवर डाग आहे.”

पेपर खाली आला. “डाग असलेली वस्तू या घरातून जाणार नाही.”

तू गुरुग्रामची नोकरी सोडून हिमाचलात जातो म्हणालास, त्या सकाळी याच आवाजात बाबा म्हणाले होते, “ज्याला एक कॅमेरा स्वच्छ ठेवता येत नाही, तो हिमालयात जाऊन काय दिवे लावणार?” तू उपम्याच्या बशीशेजारी कॅमेरा ठेवलास, “ठेवा मग तुम्हीच, स्वच्छ,” म्हणालास, आणि गेलास. तेव्हापासून दोन वर्षं तुमचं बोलणं नाही. त्या वेळी मी काही बोलले नाही, कारण मी मनात तपासत होते. तू लेन्स बनियनने पुसायचास, हे खरं आहे. पण त्यावरून हिमालयाबद्दल निष्कर्ष निघत नाही. हे मला सुचेपर्यंत तुझी रिक्षा वळली होती.

डाग काढून लवकरच पाठवते. तारीख लिहीत नाही.

तुझी
अक्षता

•

मंगळवार, ९ डिसेंबर

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. “डाग असू दे. पाठव.” आईला चार शब्द वाचायचे होते आणि चारच निघाले, त्यामुळे तिने ते उलटं करून मागेही पाहिलं.

दुरुस्ती अशी, की डाग वरच्या डाव्या कोपऱ्यात नाही. फोटोत तो वर दिसतो, पण कॅमेऱ्याच्या आत प्रतिमा उलटी पडते, म्हणून सेन्सरवर तो खाली असतो. आम्ही आठवडाभर वरच्या कोपऱ्याची सेवा केली.

‘आम्ही’ म्हणजे मी आणि बाबा. त्यांनी काम हातात घेतलं आहे. कॅमेऱ्याची पुस्तिका त्यांनी मला पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लावली आणि ते डोळे मिटून ऐकत बसले. मी ऑफिसात दिवसभर मिक्सर आणि गीझरच्या पुस्तिकांचं मराठी तपासते आणि गुरुग्रामहून मेट्रोने येऊन घरी पुन्हा पुस्तिकाच वाचते. पण मला आवडलं. लहानपणासारखं वाटलं.

पुस्तिकेत लिहिलं आहे, की रबरी ब्लोअरने हवा मारावी, तोंडाने फुंकू नये. हे वाक्य मी वाचत होते, बाबा मान डोलवत होते, लेन्स काढलेली होती. आई जेवण आटोपून तोंडात बडीशेप चघळत आली, वाकली, म्हणाली, “एवढंसं तर आहे,” आणि फुंकर घातली.

“आई!”

“काय झालं? सुजयचा गुडघा फुटला तेव्हा काय ब्लोअर आणला होता? फुंकरच घातली होती.”

“पद्मजा, तो गुडघा होता,” बाबा म्हणाले.

“बरा झाला ना पण?”

पुढच्या फोटोत आकाशात नक्षत्रं उगवली होती.

मग बाबांना कोणीतरी सांगितलं, की न्हाणीघरात गरम पाणी सोडलं की वाफेने हवेतली धूळ खाली बसते आणि तिथे कॅमेरा उघडावा. हिवाळ्यातल्या नोएडात हा सल्ला मला पटला, हे मी मान्य करते. बाबा पालथ्या बादलीवर, मी कॅमेरा घेऊन कोपऱ्यात, दार बंद.

“अहो, तुम्ही दोघं आत करताय तरी काय?” बाहेरून आई.

“धूळ बसवतोय!”

“बाहेर येऊन बसवा. मला आंघोळीला जायचंय.”

धूळ बसली, पण वाफही बसली. लेन्सच्या काचेवर आतून धुकं आलं. मी घाबरून ऑफिसला गेले, आणि आईने कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरला. भिजलेला फोन तांदळात ठेवतात, हे तिने ऐकलेलं होतं आणि ते सगळे करतात. पण ते लोक दुकानातला कोरडा तांदूळ वापरत असतील. आपल्या घरी वर्षाचा तांदूळ भरतात आणि कीड लागू नये म्हणून आई त्याला एरंडेल चोळते.

दादा, मी गेल्या वेळी मागे घेतलेलं विधान आता खरं झालं आहे. डाग लेन्सवरही आहे.

बाबांनी तो तेलकट कॅमेरा हातात घेतला, बोटं एकमेकांवर घासून पाहिली. मग स्वतःशीच म्हणाले, “त्याच्या बनियनने एवढं झालं नव्हतं.”

हे वाक्य मी तुला कळवते आहे. त्यावर माझं मत देत नाही.

अक्षता

•

रविवार, २१ डिसेंबर

प्रिय दादा,

आईने मागच्या पत्राची माझी कच्ची प्रत वाचली. तिच्या तोंडात बडीशेप नव्हती, धनाडाळ होती. हे नोंदवलं गेलंच पाहिजे असा तिचा आग्रह आहे. एरंडेलाबद्दल तिचं काही म्हणणं नाही.

बाबा आणि मी कॅमेरा घेऊन चांदणी चौकातल्या फोटो मार्केटात गेलो. मेट्रोत बाबांनी पिशवी मांडीवर धरून ठेवली होती, कोणी जागा देऊ केली तरी खाली ठेवली नाही. दुकानदाराने कॅमेरा हातात घेतला, वास घेतला आणि मला विचारलं, “मॅडम, ये कॅमेरा है या कढाई?”

बाबांचं हिंदी तुला माहीत आहे. दिल्लीत नोकरीची शेवटची दहा वर्षं काढली तरी ते सातारा सोडून निघालेलं नाही. ते फार गंभीरपणे म्हणाले, “तेल बाहेरसे लगा है. अंदर सिर्फ धनाडाळ है.”

त्याने बाहेरचं तेल काढून दिलं, लेन्स साफ केली, आम्हाला ब्लोअर आणि सेन्सर पुसायच्या सपाट काड्या विकल्या, आणि म्हणाला, “अंकलजी, सेन्सर भी हमही कर देते हैं. पंधरा मिनट का काम है. छोडिये, चाय पीजिये.”

“नहीं,” बाबा म्हणाले. “वो हम करेंगे. हमारे लडके का है.”

हे मी जसंच्या तसं लिहिलं आहे. यात माझ्या पदरचं काही नाही.

घरी आल्यावर बॅटरी पूर्ण भरली, कारण पुसताना ती संपली तर आतला आरसा धाडकन खाली येतो. बाबांनी टॉर्च धरला. मी काडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच, न थांबता नेली. लहानपणी ते मला शून्य काढायला शिकवायचे तसंच, “हात उचलायचा नाही,” म्हणत होते. आकाशाचा फोटो काढला. स्वच्छ. म्हणजे आकाश होतं तसंच होतं, पण आमच्या बाजूने काही नव्हतं. आईने शिरा केला आणि तो आम्हाला स्वयंपाकघरातच खायला लावला. ती आता कॅमेऱ्यापाशी खाद्यपदार्थ आणत नाही.

इथे हे पत्र संपायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बाबा बाल्कनीत. लेन्स काढलेली, कॅमेरा उघडा, समोरच्या प्लॉटवर बांधकाम चालू.

“बाबा! धूळ!”

“डाग अजून आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यात.”

मी फोटो मोठा करून पाहिला. नव्हता. तसं सांगितलं तर म्हणाले, “तुला दिसत नाही.” मात्र बाल्कनीतली खरी धूळ आत गेली होतीच, म्हणून मी पुन्हा साफ केलं. परवा पुन्हा तेच. आज पुन्हा तेच. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “त्यांना तो पाठवायचाच नाहीये, अजून काय. गेला की त्या कपाटात सुजयचं काय राहतं?” मलाही तसंच वाटतंय. बाबा मुद्दाम अडवून धरताहेत.

आणि तुझं दुसरं कार्ड आलं. कॅम्पची जीप १४ जानेवारीला ब्लँकेटं घ्यायला पानिपतला येणार, तू सोबत येणार, मी कॅमेरा तिथे आणून द्यायचा, तू दिल्लीत येणार नाहीस. दादा, पानिपत! तेही १४ जानेवारीला! मराठी माणसाने ठरवून भेटायची ही जागा आहे का, आणि हा दिवस आहे का? बाबा म्हणाले, “त्या तारखेला तिथे आपलं कधी भलं झालंय?” आई म्हणाली, “आपले लोक तिथे उपाशी होते म्हणून हरले. अक्षता, तू डबा घेतल्याशिवाय जायचं नाहीस.” मग म्हणाली, “त्या दिवशी संक्रांत आहे. त्याला आठवत असेल का गं?”

मी म्हटलं, कार्डात तसं लिहिलेलं नाही.

अक्षता

•

शुक्रवार, २ जानेवारी २०२६

प्रिय दादा,

या वेळची दुरुस्ती मोठी आहे. बाबा मुद्दाम कॅमेरा अडवून धरताहेत, असं मी लिहिलं होतं. ते साफ चूक होतं, आणि ते लिहून पत्र पेटीत टाकल्याबद्दल मला फार वाईट वाटतंय.

नाताळच्या सुट्टीत मी घरी होते. बाबा पुन्हा म्हणाले, “वरच्या डाव्या कोपऱ्यात.” मला राग आला होता, म्हणून मी म्हटलं, चला, पद्धतशीर बघू. त्यांना बाल्कनीच्या दारात खुर्चीवर बसवलं.

“डाग कुठे दिसतो?”

“फोटोत.”

“फोटो ठेवून द्या. नुसतं आकाशाकडे बघा.”

ते बघत राहिले. “आकाशातही आहे.”

“चष्मा काढा.”

“आहे.”

“आईचा लावा.”

“आहे. शिवाय तुझी आई दोन ठिकाणी दिसतेय.”

“एकच पुरे आहे म्हणावं,” आई आतून म्हणाली.

“आता उजवा डोळा झाका.”

“आहे.”

“डावा झाका.”

त्यांनी हाताने डावा डोळा झाकला. खाली कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती तीनदा घुरघुरली. मग ते म्हणाले, “गेला.”

मी म्हटलं, “लेन्स बदलूनही डाग जागचा हलत नसेल, तर...”

“...तर डाग आत आहे,” बाबांनी वाक्य पुरं केलं. “बरोबर. पैकीच्या पैकी.”

गणपतीपासून त्यांना असं दिसतंय. पेपर ते नुसता धरायचे. पुस्तिका माझ्याकडून का वाचून घेतली, ते मला तेव्हा कळायला हवं होतं. मी एवढ्या दुरुस्त्या करते, पण समोर चालू असलेली चूक मला दिसत नाही.

घाबरू नकोस, मी आधी लिहायला हवं होतं: मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी आम्हाला चित्र काढून दाखवलं. डोळ्यातली लेन्स गढूळ होते, ती काढून नवी बसवतात. म्हणजे डाग शेवटी लेन्सवरच निघाला! बाबांना हे इतकं आवडलं, की ऑपरेशनचं विचारायचंच विसरले. “आपली पद्धत बरोबर होती, निष्कर्ष चुकला,” हे त्यांनी डॉक्टरांना हिंदीत सांगितलं आणि डॉक्टर बराच वेळ माझ्याकडे बघत होते. ऑपरेशन शुक्रवारी, १६ तारखेला आहे. अर्ध्या तासाचं आहे असं म्हणतात. बाबा आधी तयार नव्हते. म्हणाले, “आधी कॅमेरा, मग डोळा.”

परतताना त्यांनी मला बजावलं, “सुजयला फोन करून यातलं काही सांगायचं नाही.” मी कबूल केलं. तुझ्याकडे फोन लागतच नाही, त्यामुळे हे वचन पाळणं सोपं आहे. पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही. एरवी मी विचारते.

त्याच रिक्षात, डोळ्यांत औषधाचे थेंब घातल्यामुळे काही दिसत नसताना, ते अचानक म्हणाले, “त्या वाक्यात दुरुस्ती आहे.”

“कोणत्या?”

“तुला माहीत आहे. हिमालयाच्या.”

मी पर्समधून पेन काढलं. “सांगा, कळवते त्याला.”

“कळवायची नाही. ज्याच्याबद्दल नोंद चुकली, त्याच्यासमोर वाचायची.” मग बाहेर बघत, म्हणजे बाहेर तोंड करून, म्हणाले, “मला महिनाभर एक कॅमेरा स्वच्छ ठेवता आला नाही. घरात बसून. तो तर बर्फात असतो.”

दादा, यानंतर मी आणि आईने जे ठरवलं ते तुला न सांगता करणं मला बरं वाटेना. आईचं म्हणणं होतं, सांगू नकोस, ऐनवेळी जीप वळवून पळेल. पण तुला फसवून पानिपतला गाठायचं, हे मला जमणार नाही. म्हणून सगळं लिहिते.

मी कॅमेरा आणणार आहे, पण त्याला लेन्स लावलेली नसेल. लेन्स वेगळी, तिच्या डब्यात, बाबांच्या मांडीवर असेल. बाबा येणार आहेत. आईही. बाबांनी एक अट घातली आहे: गाडीतून उतरणार नाहीत. मी विचारलं का, तर म्हणाले, “धूळ आहे.” मी पुस्तिका उघडून पाहिली, आणि ते चूक बोलत नाहीत. मोकळ्यावर, वाऱ्यात, हायवेच्या कडेला लेन्स लावू नये, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे. ती गाडीच्या आत, काचा वर करून, मागच्या सीटवर बसून लावावी लागेल. मागच्या सीटवर पलीकडे आई आणि मध्ये बाबा असतील. त्यांच्या शेजारची जागा रिकामी ठेवते आहे, कारण लेन्स लावायला दोन माणसं लागतात: एक कॅमेरा धरायला, एक टॉर्च. मी पुढे ड्रायव्हरजवळ बसेन आणि मागे वळून बघणार नाही.

तू दिल्लीत येणार नाही म्हणालास, ते मी मोडत नाही. ते गाडीतून उतरणार नाहीत, तेही मोडत नाही. जीप आणि गाडी यांच्यामध्ये जेवढी जागा उरते, तेवढीच मी तुझ्याकडे मागते आहे. चालत ये. बनियन घातलेलं असलं तरी चालेल, लेन्सला लावू नकोस.

पुढचं तू ठरव. जीपमध्ये ब्लँकेटं भरली की तुझ्यासाठी जागा राहते का, हे मला माहीत नाही. आमच्या गाडीत परतीच्या वाटेवर राहते. शुक्रवारी टॉर्च धरायला घरात कोणी असलं तर आईला बरं वाटेल. मलाही. हे मी कुठल्याही पत्रात लिहिलं नव्हतं, ती चूकही इथेच दुरुस्त करते.

आईने तीळ भाजून ठेवले आहेत. बाबांनी तिला सांगितलं आहे, की लेन्स बसून काचा खाली होईपर्यंत गाडीत तिळगुळाचा डबा उघडायचा नाही, कण उडतात. ती हो म्हणाली आहे. पण धनाडाळीचा अनुभव लक्षात घेता डबा मी माझ्या पायाशी ठेवणार आहे.

पानिपतच्या अलीकडे, दिल्लीकडून येताना डाव्या हाताला ब्लँकेटांची गोदामं लागतात, तिथल्या पहिल्या ढाब्यासमोर. पांढरी गाडी, काचा बंद. बुधवार, १४ जानेवारी, सकाळी अकरा वाजता.

तुझी
अक्षता